बाळंतपणानंतर अंग सावरा



घरात बाळ आले की सगळ्यांचे लक्ष पाळण्याकडे लागते. बाळाचे वजन किती, अंगावर नीट पिते का, लस टोचून झाली का, अशी दहा जण चौकशी करतात. ती व्हायलाच पाहिजे. पण ज्या माउलीने ते बाळ नऊ महिने पोटात वाढवले, तिच्या अंगाची चौकशी कोण करते? तिला डिंकाचे लाडू मिळतात, अळिवाची खीर मिळते, तेल लावून आंघोळ मिळते. सव्वा महिना झाला की ओटी भरतात आणि ती पुन्हा चुलीपाशी, पाणवठ्यावर, शेतात उभी राहते. तिचे अंग सावरले की नाही, हे तिलाही कुणी विचारत नाही आणि तीही कुणाला सांगत नाही.

काय सांगत नाही? खोकला आला, शिंक आली, हसू आले, डोक्यावर हंडा चढवला, की दोन थेंब लघवी होऊन लुगडे ओले होते. लघवी लागली की दारापर्यंतही पोचता येत नाही. वारा सरतो तो अडवता येत नाही. दिवसभर खुरपणी केली की संध्याकाळी खाली काहीतरी ओढल्यासारखे, उतरल्यासारखे वाटते. पुढे पुढे हाताला गोळा लागतो. आपल्याकडे त्याला ‘अंग बाहेर येणे’ किंवा ‘पिशवी खाली येणे’ म्हणतात.

मग ती बाई काय करते? पाणी कमी पिते. एस. टी.ने लांबचा प्रवास टाळते. लग्नकार्याला जात नाही. देवळात मागे उभी राहते. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही आणि कारणही सांगत नाही. त्याला वाटते, हिचे मन उडाले. घरात विनाकारण अबोला धरला जातो.

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तिचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १०० पैकी ९२ स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या १०० पैकी फक्त ८. आजारांचे प्रकार अनेक होते, पण गोष्ट एकच : दुखणे अंगावर काढायचे आणि गप्प बसायचे.

या पत्रकात आम्ही यातल्या एका दुखण्याविषयी सांगणार आहोत. त्यावर घरच्या घरी, बिनपैशाचा, रोज तीन वेळा पाच-पाच मिनिटांचा उपाय आहे. नवरा-बायकोने दोघांनी मिळून हे वाचावे.

खाली नेमके काय असते?

बाज आठवा. चार पाय, चार गाते आणि मध्ये सुंभाची वीण. आपले वजन ती वीण पेलते. वापरून वापरून वीण सैल झाली की बाज झोळ धरते, आणि झोपणाऱ्याची पाठ जमिनीला लागते.

आपल्या ओटीपोटाच्या तळाशीही अशीच एक वीण आहे. पुढच्या बाजूला जघनाचे हाड आणि मागे माकडहाड यांच्यामध्ये ती झोळीसारखी ताणलेली असते. ती सुंभाची नसून स्नायूंची, म्हणजे मांसाची असते. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी आणि शौचाचे आतडे या तिघांना हीच झोळी खालून आधार देते. लघवीची वाट, बाळाची वाट आणि शौचाची वाट तिच्यातूनच बाहेर येते, आणि हव्या त्या वेळी या वाटा आवळून धरण्याचे काम तिचेच. पुरुषालाही अशी झोळी असते; त्याला बाळाची वाट नसते इतकेच.

गरोदरपणात नऊ महिने या झोळीवर वजन वाढत जाते. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके तिच्यातूनच बाहेर येते आणि ती पुष्कळ ताणली जाते. कधी फाटते, कधी टाके पडतात. ताणलेली झोळी काही आठवड्यांत बरीचशी आपोआप आवळते. पण पूर्वीसारखी व्हायला तिला दोन गोष्टी लागतात : विश्रांती आणि व्यायाम. विश्रांती मिळाली नाही आणि लगेच पाण्याचे हंडे उचलले, तर ओल्या भिंतीवर माळा चढवल्यासारखे होते.

झोळी जास्त कशाने सैल होते?

१. लहान वयात आणि लागोपाठ बाळंतपणे झाल्याने. प्रत्येक बाळंतपणात झोळी ताणली जाते.

२. तोंड पूर्ण उघडण्याआधीच ‘जोर कर, जोर कर’ म्हणून कळा द्यायला लावल्याने, किंवा बाळ लवकर यावे म्हणून पोटावर दाब दिल्याने. असे कुणालाही करू देऊ नये. बाळंतपण दवाखान्यातच करावे.

३. बाळंतपणानंतर लगेच जड ओझी उचलल्याने.

४. जुनाट खोकल्याने आणि बद्धकोष्ठाने. रोज कुंथावे लागले की रोज झोळीवर धक्का बसतो. चुलीच्या धुराने, तंबाखूच्या मशेरीने खोकला लागला असेल तर त्याचाही बंदोबस्त करावा.

पोट पोटपट्ट्याने बांधायची चाल आहे. सैलसर बांधले तर हरकत नाही. पण श्वास कोंडेल इतके करकचून बांधले की पोटातला दाब खाली जातो आणि सैल झोळीवरच पडतो.

व्यायाम कसा करायचा?

हा व्यायाम नवा नाही. अमेरिकेतील डॉ. अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ साली तो डॉक्टरांपुढे मांडला, म्हणून त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. आपल्या योगशास्त्रातला मूलबंध याच जागेचा. हातपाय हलवायचे नाहीत, कपडे बदलायचे नाहीत. शेजारी बसलेल्या माणसालाही कळणार नाही.

*आधी जागा ओळखा.* चार माणसांत बसलेले असताना वारा सरायला आला, तर आपण काय करतो? मागची वाट आवळून धरतो. तसे आवळा. आता लघवी करता करता मध्येच थांबवायची असेल तर पुढची वाट कशी आवळाल? तशी आवळा. दोन्ही वाटा एकदम आवळून आत आणि वर ओढून घ्या. आतून काहीतरी वर उचलल्यासारखे वाटले, म्हणजे जागा बरोबर सापडली.

लघवीची धार अडवून बघायची ती जागा ओळखण्यापुरती, एखाद्या वेळेस. रोजची सवय लावू नका. त्याने लघवी पूर्ण होत नाही आणि मागे राहिलेल्या लघवीने त्रास होतो.

*मग असे करा.* एक अंक म्हणजे एक सेकंद. सावकाश मोजा.

पहिला आठवडा : उताणे पडून, गुडघे उभे करून. हलकेच आवळा, तीन अंक मोजेपर्यंत धरा, सोडा. सोडल्यावर तेवढाच वेळ थांबा. असे पाच वेळा. दिवसातून तीनदा.

दुसरा ते सहावा आठवडा : पाच अंक मोजेपर्यंत धरा, पाच अंक विसावा. असे दहा वेळा. दिवसातून तीनदा. पडून जमले की बसून करा.

सहा आठवड्यांनंतर : हळूहळू वाढवत दहा अंकांपर्यंत धरा, दहा अंक विसावा. असे दहा वेळा. त्यानंतर पटकन आवळा-सोडा, आवळा-सोडा असे दहा वेळा. दिवसातून तीनदा. आता उभ्याने करता आले पाहिजे.

दहा अंक जमत नसतील तर जितके जमतील तितकेच धरा. ओढूनताणून करू नका. सोडणेही आवळण्याइतकेच महत्त्वाचे. पूर्ण सैल सोडून मगच पुन्हा आवळा.

*चुका टाळा.* श्वास कोंडू नका; मोठ्याने अंक मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. ढुंगण आणि मांड्या आवळू नका. शौचाला बसल्यासारखा खाली जोर देऊ नका. खाली जोर गेला तर फायदा होण्याऐवजी तोटा होतो. नीट जमते का ते समजत नसेल तर आरोग्य सेविकेला विचारा. लाजायचं काय त्यात?

*सुरुवात कधी?* साधे बाळंतपण झाले असेल आणि लघवी नीट होत असेल, तर एक-दोन दिवसांत हलके हलके सुरू करता येते. टाके असले तरी चालते. दुखेल इतके जोरात मात्र करू नये. पोट कापून बाळंतपण झाले असेल तर लघवीची नळी काढल्यावर सुरू करावे. पोट कापले म्हणजे झोळी ताणलीच नाही असे समजू नका. नऊ महिन्यांचे वजन तिनेही पेललेले असते.

*वेळ कुठून काढायचा?* बाळाला पाजायला तर बसावेच लागते. दिवसभरात आठ-दहा वेळा बसता, त्यांतल्या तीन वेळा हा व्यायाम करा. बाळाचे पोट भरेल आणि आईचे अंग सावरेल.

*गुण कधी येतो?* आठ दिवसांत नाही. रोज नेमाने केले तर पुष्कळ जणींना काही आठवड्यांत फरक जाणवू लागतो. पण तीन महिने तरी सोडू नये. बरे वाटल्यावरही रोज एकदा चालू ठेवावे. पेरले की दुसऱ्या दिवशी कणीस मागत नाही ना आपण?

रोजच्या कामात काय सांभाळायचे?

पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, हा सोपा नियम ध्यानात ठेवा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे पंधरा लिटरचा भरलेला हंडा बाळाच्या चार-पाच पट जड झाला. त्या दिवसांत पाणी, सरपण, चाऱ्याचा भारा, दळणाची पाटी हे दुसऱ्या कुणी तरी आणावे.

पुढे उचलायची वेळ आलीच तर ओझे अंगाजवळ घ्या, कमरेत न वाकता गुडघ्यांत वाका, आधी खालची झोळी आवळा आणि श्वास सोडत उठा. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले की तेव्हाही आधी आवळा. ही सवय लागली की लुगडे ओले होणे पुष्कळ कमी होते.

पाणी कमी पिऊ नका. बाळंतिणीला पाणी बाधते, ही समजूत चुकीची आहे. पाणी कमी पडले की शौचाला खडा होतो, लघवीची जळजळ होते आणि थेंब थेंब गळणे वाढते. पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, भाकरी, फळे खावीत, म्हणजे कुंथावे लागत नाही. आणि शौचाला लागली की जावे. अंधार पडण्याची वाट बघत अडवून धरू नये.

भाऊसाहेब, आता तुमच्यासाठी

हे बायकांचे प्रकरण म्हणून पत्रक बाजूला ठेवू नका. तुमच्या सहकार्याशिवाय हा उपाय पुरा होत नाही.

सहा आठवडे पाण्याचा हंडा तुम्ही उचला. चार लोक हसतील, तर हसू द्या. बैलाच्या खांद्याला घाव झाला तर आपण त्याला औताला जुंपत नाही. जखम भरू देतो. घरच्या लक्ष्मीला तेवढी तरी सवड द्यावी.

जखम भरेपर्यंत आणि रक्त जाणे थांबेपर्यंत शरीरसंबंध टाळावा. साधारण सहा आठवडे थांबावे आणि त्यानंतरही तिची मर्जी विचारावी. दुखत असेल तर आणखी थांबावे व दाखवून घ्यावे.

‘आज व्यायाम केलास का?’ एवढे रोज विचारा. तिने लाजत लाजत त्रास सांगितला तर हसू नका, रागावू नका, चारचौघांत बोलू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात चला.

सासूबाईंनाही विनंती आहे. ‘आम्ही नाही का पाच-पाच बाळंतपणे काढली?’ असे आपण म्हणता. काढलीत खरी. पण त्याची किंमत कितींनी गुपचूप मोजली, हे आपल्याला ठाऊक आहे. सुनेला ती मोजावी लागू नये.

दोन बाळंतपणांत अंतर ठेवा

झोळी पुरती आवळलेली नाही, अंगात रक्त भरलेले नाही, अंगावरचे मूल अजून पिते आहे, आणि तेवढ्यात पुन्हा दिवस राहिले, तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून दोन मुलांमध्ये तीन वर्षांचे तरी अंतर असावे. पाळी आली नाही तोवर दिवस राहत नाहीत, या भरवशावर राहू नका. पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात.

साधने पुष्कळ आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. तांबी म्हणजे कॉपर टी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. ‘अंतरा’चे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे, अंगावर पाजणाऱ्या आईला ते सहा आठवड्यांनंतर देतात. ‘छाया’च्या गोळ्या पाजणाऱ्या आईलाही चालतात. ‘माला-एन’ मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नये. निरोध तर केव्हाही वापरता येतो. तुम्हाला कोणते साधन मानवेल, हे डॉक्टर किंवा आरोग्य सेविका तपासून सांगतील.

मुले पुरेशी झाली असतील तर पुरुष नसबंदीचा विचार करावा. बिनटाक्याची ही शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो आणि पुरुषत्वात काही कमी होत नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरावा, मग वीर्य तपासून घ्यावे. जिने बाळंतपणे सोसली तिच्यावरच पुन्हा शस्त्रक्रियेचा भार कशाला?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*माझे मूल पाच वर्षांचे आहे. आता उपयोग होईल का?*

होईल. बाळंतपणानंतर लगेच सुरू केलेले उत्तम. पण उशिरा सुरू करूनही स्नायू बळावतात.

*तांबी बसवल्याने किंवा नसबंदीने अंग बाहेर येते का?*

नाही. अंग बाहेर येते ते झोळी सैल झाल्याने.

*अंग थोडे बाहेर आले आहे. व्यायामाने आत जाईल का?*

थोडे उतरले असेल तर व्यायामाने ओढल्यासारखे वाटणे कमी होते. जास्त उतरले असेल तर डॉक्टर आत आधाराची कडी बसवतात किंवा शस्त्रक्रिया सुचवतात. पिशवी न काढता ती वर बांधण्याची शस्त्रक्रियाही आहे. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत नावाजलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी अशीच एक पद्धत शोधली होती.

*पिशवीच काढून टाकली तर कटकट मिटेल ना?*

घाई करू नका. पिशवी काढल्याने झोळी घट्ट होत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ साली पुढे आले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कधी कधी ही शस्त्रक्रिया गरजेची असते. पण कुणी सांगितली तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, मगच ठरवा.

दवाखान्यात केव्हा जायचे?

पुढीलपैकी काही असेल तर व्यायामाची वाट बघत बसू नका :

बाळंतपणानंतर सहा तास उलटले तरी लघवी झाली नाही. खूप रक्त जाते, ताप येतो, घाण वास येणारे पाणी जाते, टाके उसवले किंवा पू झाला, तर त्याच दिवशी जा. रक्त थांबत नसेल तर १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा.

लघवी रात्रंदिवस, झोपेतही, सतत गळते. अवघड, लांबलेल्या बाळंतपणानंतर लघवीच्या पिशवीला भोक पडले तर असे होते. हे व्यायामाने बरे होत नाही. त्यावर इलाज आहे, पण तो मोठ्या रुग्णालयात.

शौच आवरता येत नाही. खाली गोळा हाताला लागतो. तीन महिने नेमाने व्यायाम करूनही गळणे कमी झाले नाही.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बाळ दाखवून झाले की आपलेही दुखणे तिला सांगा. ती बाईच आहे, तिला कळते.

लक्षात ठेवा

आवळा, धरा, सोडा, विसावा घ्या. रोज तीन वेळा, निदान तीन महिने.

सहा आठवडे बाळापेक्षा जड उचलू नका.

पाणी भरपूर प्या, कुंथू नका, खोकला अंगावर काढू नका.

दोन मुलांमध्ये तीन वर्षांचे अंतर ठेवा.

त्रास लपवू नका. हे नशिबाचे भोग नाहीत. यावर इलाज आहे.

हे पत्रक वाचून झाले की शेजारच्या घरी द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. काही विचारायचे असेल तर आपल्या गावच्या आशाताईला, उपकेंद्रातील आरोग्य सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा.

आईचे अंग सावरले, तर घर सावरले!